आमच्या फर्मची सगळ्यात गरम इमारत

सत्तरच्या दशकात तुम्ही नागपुरात असाल, आणि ऐन मे महिन्यात, भर दुपारी, एक सावळे, बुटके गृहस्थ डोक्याला ओला पंचा गुंडाळून कुणाच्या तरी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभे असलेले तुम्ही पाहिले असतील, तर ते वेडे नव्हते. ते पौनीकर साहेब होते आणि ते घर त्यांनीच बांधलेलं होतं. डॉक्टर जसा जुना रोगी अधूनमधून तपासतो, तसे साहेब आपल्या इमारती तपासत फिरायचे. फक्त त्यांचा तपासणीचा महिना मे, आणि वेळ अशी की कावळासुद्धा झाडातून बाहेर पडत नाही. एकदा एका नव्या भाडेकरूने त्यांना हटकलं, तर साहेब म्हणाले, "थांबा गा जरा, भिंत काय म्हणून राहिली ते ऐकू द्या." भाडेकरूला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्याने मुकाट्याने आत जाऊन कांद्याचा रस आणून दिला. साहेबांनी तोही पिऊन टाकला.

मी आयुष्यात फारशी कुणाला मानणारी बाई नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही आणि मानेला वाकणं ठाऊक नाही. बरीच वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलं, मोठमोठी नावं जवळून पाहिली, आणि जवळून पाहिल्यामुळे बहुतेकांबद्दलचा आदर कमी झाला. पौनीकर साहेबांच्या बाबतीत उलट झालं. जितकी वर्षं जवळ राहिले तितकी मी थक्क होत गेले. आता ते जाऊन कितीतरी काळ लोटला, तरी तो अचंबा ओसरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. मुंबईची पदवी आणि नवा नवरा अशा दोन गोष्टी घेऊन मी नागपुरात आले. पदवी माझी होती, नागपूर नवऱ्याचं. रामदासपेठेत एका बंगल्याच्या मागच्या बाजूला साहेबांचं ऑफिस होतं. पाटीवर 'वास्तुशिल्पी' एवढंच लिहिलेलं, नाव नव्हतं. का, विचारलं तर म्हणायचे, "नाव भिंतीनं सांगाव. पाटी तं कोनीही रंगवते." मी प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून मुलाखतीला गेले. त्यांनी ती उघडलीही नाही. मला जीपमध्ये घातलं, शहराबाहेरच्या एका रिकाम्या प्लॉटवर नेलं, आणि उन्हात उभं करून विचारलं, "इथं घर बांधाचं आहे. बैठक कुठं घ्याची?"

मी वाऱ्याच्या दिशा सांगितल्या, सूर्याचे कोन सांगितले. पुस्तकात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय, बाई. आता तो कुत्रा कुठं झोपला ते पाहा." प्लॉटच्या एका कोपऱ्यात, बाभळीच्या जरा पलीकडे, मातीत खळगा करून एक कुत्रा पसरला होता. "तो रोज तिथंच झोपते. मी चार दिवस येऊन पाहून राहिलो. या साऱ्या प्लॉटात त्याच्याइतकी चौकशी कोनी केली नाई." त्या घराची बैठक खरोखर तिथेच झाली. मालकाला हे कारण आम्ही कधीच सांगितलं नाही. माणसाला आपला मान असतो.

नोकरी मिळाली आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. अख्ख्या नागपूरला थंड घरं बांधून देणाऱ्या आमच्या ऑफिसात कूलर नव्हता. मे महिन्यात टेबलावर वाकलं की घामाचे थेंब ट्रेसिंगवर पडायचे आणि शाई फुटायची. आम्ही मनगटाखाली टॉवेल घेऊन रेघा ओढायचो. सगळ्यांच्या वतीने मी एकदा तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "थंड खोलीत बसून नागपूरचा नकाशा काढला तं तो सिमल्याचा होते." मी म्हटलं, मग निदान आम्हालाच सिमल्याला पाठवा. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी वाळ्याचे पडदे आले. कूलर मात्र त्यांच्या हयातीत आला नाही.

गिऱ्हाइकांशी वागण्याची त्यांची तऱ्हाही अशीच. नरखेडकडचे एक बडे बागायतदार आले. संत्र्याने त्या वर्षी चांगला हात दिला होता आणि मुंबईत त्यांनी पुढची सगळी भिंत काचेची असलेला बंगला पाहिला होता. तसाच त्यांना हवा होता. साहेब वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "चला, तुमच्या गाडीत बसून बोलू." गाडी सकाळपासून आवारात उन्हात उभी होती. दोघे मागे बसले, साहेबांनी काचा वर करायला सांगितल्या, मांडीवर कागद पसरला आणि अगदी सावकाश एकेक खोली समजावायला घेतली. बागायतदारांचा सदरा पाठीला चिकटला, मिशा ओघळल्या. शेवटी ते म्हणाले, "साहेब, काच खाली करा ना."

"तुमच्या बैठकीतली काच खाली होनार नाई ना, भाऊ," साहेब म्हणाले.

पुढे त्या बंगल्याला लांबरुंद ओसरी आली आणि बागायतदार ती आपलीच कल्पना म्हणून पाहुण्यांना दाखवू लागले. साहेबांना त्याचं काही वाटायचं नाही.

फर्मचा इतिहास सांगायचा तर इमारतींची नावं घ्यावी लागतील, पण मला त्या नकाशांपेक्षा साहेबांच्या अंगावरूनच जास्त आठवतात. रामटेकला गडाच्या पायथ्याशी धर्मशाळा बांधायची होती, तेव्हा ते चपला जीपमध्ये ठेवून रस्त्यापासून दारापर्यंत भर दुपारी अनवाणी चालले. दर्शनाला येणारे अनवाणीच येतात, असं त्यांचं म्हणणं. जिथे पाय पोळला तिथे कडुनिंब लावायचा आणि जिथे नाही पोळला तिथे पायरी घ्यायची, हा त्या धर्मशाळेचा आराखडा. आमच्या पेठेतल्या एका दवाखान्यात त्यांनी रोग्यांच्या खोल्यांइतकीच मेहनत बाहेरच्या ओट्यावर घेतली. डॉक्टर म्हणाले, ओट्याचं काय एवढं? साहेब म्हणाले, "रोगी पलंगावर राहते. त्याची बायको कुठं राहते ते पाहिलं का तुमी?" तो ओटा इतका रुंद झाला की खेड्यातून आलेली अख्खी कुटुंबं तिथे डबे सोडून जेवायची आणि उशाला गाठोडं घेऊन झोपायची.

आता उमरेडविषयी. मला खरं तर तेवढंच सांगायचं आहे.

साहेब उमरेडच्या विणकराच्या घरातले. करवती काठाची लुगडी विणणारं घर. एका अंधाऱ्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने मागाच्या पावड्या दाबायच्या, हाताने आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. वडील जन्मभर त्या खड्ड्यात बसले. ते गेल्यावर थोरले भाऊ गोविंदराव तिथे बसले, आणि धाकट्या वामनला त्यांनी शिकायला पाठवलं. साहेब कधी आपल्या लहानपणाबद्दल बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "माझा बाप मले अर्धाच आठवते, बाई. कमरेच्या वरचा."

गोविंदरावांचे डोळे अधू होत चालले होते. बारीक धागा, अंधारी खोली, आणि संध्याकाळी चिमणीचा उजेड. डॉक्टरने सांगितलं, उजेडात काम करा, नाहीतर दृष्टी जाईल. विणणं सोडायला गोविंदराव तयार नव्हते. त्याच सुमारास तिथल्या विणकरांच्या सोसायटीला गावाबाहेर जमीन मिळाली आणि सगळ्यांचे माग एकत्र ठेवायला एक मोठी शेड बांधायचं ठरलं. काम अर्थात साहेबांकडे आलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाईत पाहिलं. भावाला डोळे जायच्या आत त्या खोलीतून बाहेर काढायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यांनी जे बांधलं ते पाहून आम्ही तोंडात बोटं घातली. उत्तरेकडे उघडणाऱ्या उंच छताच्या काचा, त्यातून येणारा सारखा, मऊ उजेड, कुठे सावली नाही की डोळ्यांवर तिरीप नाही. दोन्ही बाजूंना विटांच्या जाळीच्या भिंती, जमिनीपासून छतापर्यंत, आणि त्यांतून आरपार खेळणारा वारा. खाली गुळगुळीत फरशी. खड्डा एकही नाही. माग लाकडी चौकटींवर, जमिनीच्या वर. "आता माझा भाऊ पुरा दिसन," साहेब म्हणाले. दिवाळीत उद्घाटन झालं. गोविंदराव नव्या धोतरात आपल्या मागावर बसले आणि साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं सुख दुसऱ्या कुठल्या इमारतीत पाहिलं नाही.

फोटो एका इंग्रजी मासिकात छापून आले. कॉलेजची पोरं बस करून शेड पाहायला यायला लागली. पौनीकर हे नाव मुंबई-दिल्लीत घेतलं जाऊ लागलं. पहिल्या मे महिन्यात साहेब नेहमीप्रमाणे तपासणीला गेले. आत छान गार होतं. विणकरांनी, आज तुम्ही आलात म्हणून सुट्टी, असं म्हणत माग बंद ठेवले होते आणि पाटवडीचं जेवण केलं होतं. साहेब जेवले, फरशीवर पंचा टाकून तासभर झोपले आणि आनंदात परत आले.

दुसऱ्या वर्षी मात्र ते न कळवता गेले. मुंबईहून दोन नामांकित आर्किटेक्ट शेड पाहायला आले होते, त्यांना घेऊन आम्ही दुपारी पोचलो. माग चालू होते. पाहुणे दारातच थबकले. बाहेर आग ओतत होती आणि आत वारा खेळत होता. त्यांतला एक इंग्रजीत म्हणाला की ही इमारत नव्हे, कविता आहे. मला फर्मचा इतका अभिमान वाटला की मी जाळीचं वर्णन सुरू केलं. साहेब मात्र मान किंचित कलती करून ऐकत होते.

मागाचा आवाज मी तोवर अनेकदा ऐकला होता. खटक-खटक, खटक-खटक. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण मागाच्या आवाजात जो लहानाचा मोठा झाला, त्याला तो थांबलेला आधी कळतो. एक माग थांबायचा, विणकर वाकून तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायचा, पुन्हा खटक-खटक. तोवर शेजारचा थांबायचा. मग पलीकडचा. साहेब पाहुण्यांना तिथेच सोडून गोविंदरावांच्या मागापाशी गेले आणि बूट काढले.

"दादा, उठ जरा."

"काहून गा? तू पाव्हन्यायकडं पाह्य."

"उठ म्हणतो ना."

गोविंदराव उठले. साहेब मागावर बसले. कित्येक वर्षांनी बसत असावेत, पण हात विसरले नव्हते. धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, आणि उभा धागा तुटला. साहेबांनी गाठ मारली. पुन्हा थोडं विणलं. पुन्हा तुटला. त्यांनी बोटांनी धागा चाचपला. तो कोरडा, कडक झाला होता. मग त्यांनी वर जाळीकडे पाहिलं आणि खाली फरशीकडे पाहिलं. सूत ओलाव्यावर जगतं. जुन्या घरात वारा शिरायला जागा नव्हती आणि खड्ड्यातली ओली माती धाग्याला दिवसभर ओलावा द्यायची. उन्हाळ्याचा वारा आरपार खेळवून साहेबांनी तो ओलावाच शोषून घेतला होता.

"दोन उन्हाळे झाले, दादा," ते म्हणाले. "काहून नाई सांगितलं?"

गोविंदराव खाली बघत म्हणाले, "तू एवढ्या हौसेनं बांधलं गा. तुले काय सांगाव?"

"जाळीले पोती तरी लावाची होती."

"लावनार होतो. पन फोटो काढाले लोकं येत राह्यते ना. पोती पाहून तुयं नाव खराब झालं असतं."

आजूबाजूचे माग एकेक करून थांबले होते. सगळी माणसं आमच्याकडे बघत होती, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर तक्रार नव्हती. दोन उन्हाळे ही माणसं दिवसभर गाठी मारत बसली होती, निम्मंसुद्धा लुगडं निघत नव्हतं, आणि आपल्या माणसाने बांधलेलं देखणं घर आहे म्हणून जाळीचं एक भोकसुद्धा त्यांनी बुजवलं नव्हतं. पहिल्या वर्षी साहेब आले तेव्हा सुट्टी का होती, तेही मला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मला जागा सापडेना, इतका तिथे उजेड होता.

साहेब उठले. पाहुण्यांकडे गेले आणि म्हणाले, "नीट पाहून घ्या. हे माझं चुकलं हाय. त्या मासिकवाल्यायले सांगा, हे बी छापा."

पाहुणे गडबडले. एकाने सुचवलं की हवेत ओलावा सोडणारी यंत्रं मिळतात, ती बसवली की इमारत आहे तशी ठेवता येईल. साहेब शांतपणे म्हणाले, "त्यानं माझी जाळी वाचन. मले माझ्या भावाचा धागा वाचवाचा हाय."

परतताना जीपमध्ये मी न राहवून म्हटलं, "सर, एवढ्या वर्षांतली आपल्या फर्मची ही सगळ्यात सुंदर इमारत आहे."

"सुंदर हाय म्हणूनच तं कोनी बोललं नाई, बाई," ते म्हणाले. उमरेड मागे पडल्यावर म्हणाले, "माझी माय मले रोज सकाळी खड्ड्यात पानी शिंपाले लावे. हे मी विसरलो नव्हतो. मले ते आठवाचंच नव्हतं. मी शेड धाग्यासाठी नाई बांधली. त्या खड्ड्याच्या रागानं बांधली."

दुसऱ्याच दिवशी गवंडी घेऊन ते उमरेडला गेले. मी नवे नकाशे काढू का विचारलं, तर म्हणाले, "तोडाले नकाशा लागत नाई." मासिकात छापून आलेली ती जाळी विटामातीने बुजवली गेली, वरून गिलावा झाला. फरशी फोडली. प्रत्येक मागाखाली खड्डा खणला, त्यात ओली रेती भरून घेतली. छताच्या उत्तरेकडच्या काचा तेवढ्या शाबूत ठेवल्या, कारण डोळे वाचवायचेच होते. गोविंदरावांना ही मोडतोड बघवत नव्हती. खड्डा खणून घेत उभ्या असलेल्या साहेबांपाशी येऊन ते म्हणाले, "तुले बाबाचा खड्डा नको होता ना, वामन?"

"मले नकोच होता, दादा. धाग्याले पाह्यजे."

पावसाळ्याच्या आत काम झालं. बाहेरून पाहिलं तर कुठल्याही गोदामासारखी बोडकी भिंत. आत कोंडलेली, ओलसर, उकाड्याची हवा. थंड घरांसाठी नावाजलेल्या आमच्या फर्मची ती सगळ्यात गरम इमारत ठरली. मासिकं हातात घेऊन आलेली पोरं जाळी शोधत भिंतीभोवती फिरायची आणि हिरमुसून परत जायची. साहेब ऑफिसात नवा माणूस घेतला की त्याला पहिल्या आठवड्यात तिथे घेऊन जायचे आणि स्वतः काय चुकलं ते उभं राहून सांगायचे, आवाज न चोरता, जसा मास्तर गणित सांगतो. यशाच्या गोष्टी सांगणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. नव्या नोकराला आपली चूक हात धरून दाखवणारे हे एवढेच.

ऐंशीचं दशक निम्मं झालं असेल. साहेबांचं हृदय बिघडलं होतं. डॉक्टरांनी उन्हात फिरायची सक्त मनाई केली, त्यामुळे भिंती तपासणं बंद झालं. ऑफिस बहुतेक मीच बघत होते. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांच्या घरून फोन आला, साहेब कुठे सापडत नाहीत. मी फार विचार केला नाही. गाडी काढली आणि उमरेडचा रस्ता धरला. एसटीने गेले असणार, माझी खात्री होती.

शेडचं दार लोटलं तर आतला उबट, ओला दमट वास अंगावर आला. वरच्या काचांमधून पांढरा, सारखा उजेड उतरला होता. त्या उजेडात गोविंदराव विणत होते. चष्मा जाड झाला होता, केस पार पिकले होते, पण धागा त्यांना दिसत होता. त्यांच्या शेजारी, त्याच खड्ड्याच्या काठावर, साहेब बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय खाली भावाच्या पायांशेजारी ओल्या रेतीत सोडलेले. सदरा घामाने चिंब होऊन अंगाला चिकटला होता, चेहऱ्यावरून धारा लागल्या होत्या. डोळे मिटलेले होते.

गोविंदराव हात न थांबवता मला म्हणाले, "सांगा वं बाई तुमीच याले. दुपारपासून म्हणून राहिलो, बाहेर निंबाखाली बस. ऐकतच नाई."

मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, चला. बाहेर सावली आहे. तुम्हाला हे उकाड्यात बसणं झेपायचं नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात थोडा वर करून मला थांबवलं.

"गप राहा, बाई," ते म्हणाले. "एकही तुटून नाई राहिला."

सगळी शेड खटक-खटक करत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कुठेच थांबत नव्हती.